ऑलिव्ह तेलाचं प्राचीन दाबयंत्र: उरलेल्या दगडांवरून गेलेलं लाकूड कसं वाचायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोरोक्कोतल्या व्होलुबिलिस या रोमन शहराच्या अवशेषांत फिरताना ऑलिव्हचं तेल काढायचं एक अख्खं लाकडी यंत्र उभं केलेलं दिसलं. आजूबाजूच्या घरांत मात्र नुसते दगड होते: गोल चर कोरलेला एक पाट, दोन बाजूंना खाचा असलेला एक जड ठोकळा, एखादं टाकं. मग हे लाकूड आलं कुठून? त्याला पुरावा आहे, की पर्यटकांसाठी केलेली ती कल्पना आहे?

मी स्थापत्य अभियंता. गेली अनेक वर्षं उत्खननात सापडलेल्या जुन्या यंत्रांची मापं घेणं, गणितं मांडणं आणि जमेल तिथे ती लाकडात उभी करून चालवून पाहणं हे माझं काम आहे. त्या अनुभवावर सांगतो. लाकूड कुजून जातं, पण त्यानं दगडावर दिलेला ताण दगडात राहतो. तो वाचता येतो. सगळा येत नाही, पण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा खूपच जास्त येतो.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. आपल्या डोळ्यांसमोर तेल काढणं म्हणजे घाणा. उखळात तीळ, शेंगदाणे किंवा करडई टाकली, लाट फिरली, की चिरडणं आणि पिळणं एकाच जागी होतं. ऑलिव्हचं तसं होत नाही. तीळ, करडई हे कोरडं बी. ऑलिव्ह हे रसाळ फळ. त्याच्या वजनाचा साधारण निम्मा भाग पाणी असतं आणि तेल असतं पंधरा ते पंचवीस टक्के. ते घाण्यात टाकलं तर नुसता चिखल फिरत राहील. म्हणून भूमध्य सागराच्या काठी हे काम तीन टप्प्यांत होत आलं. आधी फळ बियांसकट चिरडून लगदा करायचा. तो गवताच्या विणलेल्या चपट्या पिशव्यांत भरून, पिशव्या एकावर एक रचून दाबायच्या. जे वाहून येईल त्यातलं तेल आणि काळं कडू पाणी निथळत ठेवून वेगळं करायचं. या पाण्याला रोमन लोक अमुर्का म्हणत. प्रत्येक टप्प्याचे दगड वेगळे, आणि त्यांतल्या मधल्या टप्प्यात, दाबण्यात, सगळ्यात जास्त लाकूड लागतं. तेच गेलेलं असतं.

दाबयंत्र म्हणजे मुळात तरफ. एक लांबच लांब तुळई. तिचं एक टोक भिंतीत किंवा दोन खांबांच्या मध्ये अडकवलेलं. त्या टोकाजवळच तुळईखाली पिशव्यांची चळत. दुसरं, लांबचं टोक खाली ओढायचं: दगड टांगून, किंवा आडव्या रुळावर दोर गुंडाळून, किंवा पुढच्या काळात मळसूत्रानं, म्हणजे लाकडी स्क्रूनं. लिंबू पिळायचा लाकडी चिमटा डोळ्यांसमोर आणलात तरी तत्त्व कळेल, फक्त इथे चिमट्याचा दांडा सात-आठ मीटरचा आहे.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण या विषयातला सगळ्यात मोठा धडा तिच्यात आहे. लिबियातल्या त्रिपोलीच्या आग्नेयेला तरहुना नावाचं पठार आहे. तिथे माणसाच्या दुप्पट उंचीचे दगडी खांब जोडीजोडीनं उभे आहेत, काहींवर आडवी शिळा अजून टिकून आहे. स्थानिक लोक त्यांना ‘सेनम’ म्हणतात. हा अरबी शब्द, अर्थ मूर्ती. हिंदी गाण्यांतला ‘सनम’ तोच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री स्वेन्सन काउपर हा इंग्रज प्रवासी तिथे जाऊन आला आणि १८९७ मध्ये त्यानं या जागांवर पुस्तक लिहिलं. त्याला ही प्रागैतिहासिक देवळं वाटली, इंग्लंडमधल्या स्टोनहेंजच्या जातकुळीची. खांबांसमोर जमिनीत गोल चर कोरलेली शिळा होती. ती त्यानं बळीची वेदी मानली, आणि चर रक्त वाहून जायला. दोनच वर्षांनी पुरातत्त्वज्ञ जॉन मायर्स यांनी दाखवून दिलं की ही रोमन काळातली ऑलिव्हची दाबयंत्रं आहेत. वेदी म्हणजे पिशव्या ठेवायचा पाट आणि चरातून वाहायचं ते तेल.

काउपरनं मापं काळजीपूर्वक घेतली होती. त्याची चूक दुसरीकडे होती. त्यानं खांब उभे आहेत हे पाहिलं, पण ते इतके जड का आहेत हा प्रश्न यंत्राच्या बाजूनं विचारला नाही. तेल काढायला तीन मीटर उंचीचा दगडी खांब लागतोच कशाला? हे कळलं की पुनर्रचनेचं अर्धं काम झालं.

गणित करून पाहू. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात रोमन शेतकरी-राजकारणी केटो यानं शेतीवर जे लिहून ठेवलं त्यात दाबयंत्राची मापं दिली आहेत. तुळई २५ रोमन फूट, म्हणजे सुमारे ७.४ मीटर. समजा, पिशव्यांच्या चळतीचा मध्य अडकवलेल्या टोकापासून १.४ मीटरवर आहे आणि दुसऱ्या बाजूला ७ मीटरवर दीड टनाचा दगड टांगला आहे. सात भागिले एक पूर्णांक चार, म्हणजे पाच पट. दीड टनाचे झाले साडेसात टन. तुळईचं स्वतःचं वजन टनभर धरलं तर ते मध्यावर, ३.७ मीटरवर, काम करतं आणि आणखी अडीच टनांहून थोडं अधिक देतं. एकूण दाब साधारण १० टन. चळतीचा व्यास ८० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ येतं ५,००० चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो. मोटारीच्या टायरमध्ये हवा भरतो जवळपास तेवढाच हा दाब आहे. म्हणूनच यंत्र तासन्तास दाबून ठेवावं लागे.

पण खरी गंमत पुढे आहे. वरून खाली जाणारं वजन किती? दगड दीड टन आणि तुळई एक टन, मिळून अडीच. पिशव्यांवरचा दाब मात्र दहा टन. मधले साडेसात टन कुठून आले? ते अडकवलेल्या टोकाकडून. ते टोक वर जाऊ पाहतं आणि खांब त्याला धरून ठेवतात. म्हणजे खांबांवर साडेसात टनांची ओढ आहे, आणि ती वरच्या दिशेनं आहे. जमिनीतून मुळा उपटावा तसं ते यंत्र स्वतःचेच खांब उपटू पाहतं.

आता तरहुनाच्या खांबांकडे बघा. तीन मीटर उंच, साठ-साठ सेंटिमीटर जाडीचा चुनखडीचा खांब अडीच टनांच्या आसपास भरतो. दोन खांब, वर आडवी शिळा, तिच्यावर पुन्हा बांधकाम. ते वजन तुळईचं टोक खाली धरून ठेवायला आहे. शिवाय त्या खांबांच्या आतल्या अंगाला एकाखाली एक भोकं असतात. लगदा दबत जाईल तसं तुळईचं टोकही खाली घ्यावं लागतं, नाहीतर तुळई फार तिरकी होते आणि चळत एका बाजूला सरकते. त्या भोकांतून आडवे दांडके घालून टेकूची उंची बदलत असत. लाकडाचा तुकडाही न सापडता तुळईच्या हालचालीचा वरचा आणि खालचा टप्पा आपल्याला मिळतो, तो असा.

बहुतेक ठिकाणी असे दगडी खांब नसतात. खांब लाकडी होते आणि ते गेले. उरतो तो जमिनीखालचा पायाचा दगड, त्यात दोन चौकोनी खाचा. उत्खननाच्या आराखड्यात तो साध्या चौकटीनं दाखवलेला असतो आणि वाचणारा पुढे जातो. मी कुठल्याही स्थळी पहिल्यांदा तिथेच बसतो, आणि त्याचं कारण सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी भूमध्य किनाऱ्यावरच्या एका स्थळाजवळ आम्ही पूर्ण मापाची प्रतिकृती उभी केली. पायाच्या दगडाची नक्कल करताना मूळ खाच तळाशी किंचित रुंद आहे हे मापांत दिसत होतं, आणि ती एका बाजूनं उघडी होती. मी ठरवलं की खाच कोरणाऱ्याची छिन्नी आत थोडी पसरली असेल आणि उघडी बाजू खांब बसवायच्या सोयीसाठी असेल. आम्ही सरळ कुसू (खाचेत बसणारं टोक) काढलेले खांब वरून बसवले, पाचरी ठोकल्या. पहिल्या दोन दाबणींना काही झालं नाही, कारण वजन निम्मंच टांगलं होतं. तिसऱ्या वेळी पूर्ण दगड जमिनीवरून उचलला गेला, आणि थोड्या वेळात डावा खांब चार बोटं वर आला. पाचरी निसटल्या, तुळई वळली. माणसं लांब होती म्हणून कुणाला लागलं नाही.

त्या संध्याकाळी मूळ दगडापाशी परत गेलो. खाचेच्या आतल्या वरच्या कडेला घासल्याच्या खुणा होत्या, तळाला नव्हत्या. सुतार ज्याला डव्हटेल म्हणतात ती ही खाच: आत रुंद, तोंडाशी अरुंद. खांबाचं कुसूही तसंच पसरट कापायचं, उघड्या बाजूनं सरकवून बसवायचं आणि मग ती बाजू ठोकळा घालून बंद करायची. खांब वर ओढला गेला की कुसू दगडाच्या ओठाखाली अडकतं. घासल्याच्या खुणा वरच्या कडेला का होत्या ते आता कळलं. तो दगड खांब उभा ठेवण्यासाठी नव्हता, खांब खाली धरून ठेवण्यासाठी होता. आम्ही खांब नव्यानं कापले आणि तेच यंत्र पूर्ण वजनाला निमूट चाललं.

तेव्हापासून मी हाच क्रम पाळतो: आधी यंत्राचा नांगर शोधायचा, शेतातला नव्हे, जहाजाचा असतो तसा, म्हणजे वरची ओढ कुणी धरली ते. भिंतीतला कोनाडा असेल तर त्याच्या वर किती भिंत होती? पाया किती रुंद? तेवढं वजन भिंतीत नसेल तर मोठं दाबयंत्र तिथे नव्हतंच, चित्रकारानं कितीही मोठी तुळई काढलेली असो. इस्राएलमधल्या मारेशा इथे हेलेनिस्टिक काळातली, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राजवटींतली, वीसहून जास्त तेलघरं मऊ खडूसारख्या दगडात जमिनीखाली खोदलेली आहेत. तिथे तुळईचं टोक थेट खडकातल्या कोनाड्यात बसायचं. डोंगरच नांगर झाला. ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावरही भुयारी तेलघरं आहेत. खाली ऊब राहते हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, कारण थंडीत तेल घट्ट होतं. पण मला त्याच्या जोडीला हेही कारण दिसतं.

दुसरा दगड म्हणजे भारदगड, तुमच्या प्रश्नातला दोन खाचांचा ठोकळा. हा सगळ्यात बोलका. त्याची लांबी, रुंदी, उंची मोजा, आकारमान काढा, दगडाच्या घनतेनं गुणा. चुनखडीसाठी घनमीटरला साधारण २.४ टन. १.२ बाय ०.८ बाय ०.६५ मीटरचा ठोकळा दीड टनाचा होतो. हे वजन म्हणजे तुळईच्या टोकावर येऊ शकणाऱ्या ओढीची कमाल मर्यादा. रूळ याच दगडाला जोडलेला असेल तर माणसांनी कितीही जोर लावला तरी त्यापुढे दगड नुसता उचलला जातो. म्हणजे यंत्राची ताकद किती होती याची मर्यादा अंदाजाशिवाय मिळते.

दगड अधांतरी राहणं हा दोष नाही, ती युक्ती आहे. लगदा दबून चळत बसत जाते. दोर जमिनीत पक्क्या केलेल्या रुळाला बांधला असेल तर चळत बसली की दोर सैल पडतो आणि पुन्हा आवळावा लागतो. दगड टांगलेला असेल तर तो चळतीबरोबर खाली येत राहतो, दाब कायम. रात्री रूळ आवळून माणसं झोपायला जाऊ शकतात. केटोच्या वर्णनात टांगलेला दगड नाही, रूळ जमिनीत रोवलेल्या दोन खांबांवर आहे. म्हणजे तिथे ते खांबही वर ओढले जाणार आणि त्यांनाही नांगर हवा. त्यानं दोन्ही टोकांच्या खांबांची मापं इतक्या बारकाईनं का दिली, हे त्यावरून उलगडतं.

खाचांच्या रचनेवरून ओढायची पद्धत ओळखता येते. दोन विरुद्ध बाजूंना डव्हटेल खाचा आणि वरच्या अंगाला त्यांना जोडणारी चर असेल तर तिथे दोन लाकडी बाह्या बसवून त्यांच्यात आडवा रूळ फिरत होता. वरच्या पृष्ठभागावर मधोमध गोल खळगा असेल तर मळसूत्राचं खालचं टोक तिथे फिरत होतं. नुसतं आरपार भोक असेल तर दगड दोरानं टांगायचा. इस्राएलमधल्या एक्रोन इथे इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातली शंभराहून अधिक तेलघरं सापडली, त्यांतले भारदगड या शेवटच्या प्रकारचे आहेत.

मळसूत्र कधी आलं याला लेखी आधार आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या स्फोटात मरण पावलेला रोमन ग्रंथकार प्लिनी लिहितो की पूर्वी दोर, चामड्याचे पट्टे आणि दांडे वापरत. मळसूत्राची ‘ग्रीक पद्धत’ गेल्या शंभर वर्षांतली. आणि तुळईशिवाय मधोमध मळसूत्र असलेलं छोटं यंत्र गेल्या बावीस वर्षांतलं. मोठी मोलाची नोंद. पण तिचा उपयोग जपून करावा लागतो. नवं आलं म्हणजे जुनं गेलं असं झालं नाही. उत्तर आफ्रिकेच्या बऱ्याच भागात दोर आणि रूळच पुढे शतकानुशतकं चालले. तिथल्या दुसऱ्या शतकातल्या तेलघराला केवळ ‘त्या काळात मळसूत्र होतं’ म्हणून मळसूत्र लावलं तर ती पुनर्रचना चूक आहे. दगडात खळगा हवा.

ग्रंथांबद्दल थोडं. केटो, वास्तुरचनेवर लिहिणारा व्हिट्रुव्हियस, शेतीवर लिहिणारा कोलुमेला, प्लिनी आणि अलेक्झांड्रियाचा हेरॉन ही मुख्य साधनं. हेरॉनचा यंत्रांवरचा ग्रंथ अरबी भाषांतरातच टिकून राहिला आहे, पण दाबयंत्रांबद्दल त्याच्याइतका यंत्रज्ञ दुसरा नाही. व्हिट्रुव्हियस सांगतो की तुळईचं दाबयंत्र असेल तर खोली किमान ४० फूट लांब आणि १६ फूट रुंद हवी. ४० फूट म्हणजे जवळपास १२ मीटर. तुळई आणि तिच्यापुढे दांडे फिरवणाऱ्या माणसांची जागा धरली तर हा आकडा बरोबर बसतो. खोलीची लांबी आठच मीटर असेल तर केटोची तुळई तिथे बसवू नये, हे त्यातून कळतं. हे लेखक इटलीतल्या जमीनदारांसाठी लिहीत होते. त्यांची मापं मोरोक्कोच्या किंवा सीरियाच्या दगडांवर जशीच्या तशी लादणं हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. आधी दगड मोजायचा, मग केटो उघडायचा.

तरीही केटोचं एक पान मला फार आवडतं. ऑलिव्ह चिरडायचं यंत्र कुठून विकत घ्यावं याचा तो हिशेब देतो. इटलीतल्या सुएसा गावाजवळ घेतलं तर ४०० सेस्टर्स (रोमन नाणी) आणि ५० पौंड तेल, जोडणी ६०, बैलांनी आणायला सहा माणसांची सहा दिवसांची मजुरी धरून ७२. पॉम्पेईहून घेतलं तर यंत्र ३८४ ला, पण वाहतूकच २८०. दगड किती जड होते आणि ते घरी आणणं म्हणजे काय होतं, हे यापेक्षा चांगलं कुणी सांगितलेलं नाही. एखाद्या तेलघरात दुसऱ्या कुठल्या खाणीचा दगड दिसला की मला ते २८० सेस्टर्स आठवतात.

हे चिरडायचं यंत्र म्हणजे त्रापेतुम. मोठ्या दगडी परातीत मधोमध खांब आणि त्याच्या दोन बाजूंना फिरणारे, एका अंगाला सपाट आणि दुसऱ्या अंगाला फुगीर असे दोन दगड. केटो सांगतो की दगड परातीला घासता कामा नयेत, बोटाएवढी फट हवी. पुनर्रचनेत ही फट मोजणं सोपं आहे, कारण परातीचा आतला वक्र आणि दगडाचा फुगीर वक्र दोन्ही उरलेले असतात. मधल्या खांबाच्या माथ्यावरची खळगी आणि कधीकधी तिच्यात ओतलेलं शिसं आसाची जागा दाखवतात. दुसरा प्रकार मोला: सपाट तळावर उभं फिरणारं चाक. कोलुमेला मोलाला जास्त मान देतो, कारण चाक फळाच्या आकाराप्रमाणे वरखाली करता येतं.

मोला पाहिलं की मराठी माणसाला आपल्या किल्ल्यांवरची चुन्याची घाणी आठवल्याशिवाय राहत नाही: गोल दगडी चर आणि तिच्यात फिरणारं दगडी चाक. साम्य खरंच आहे, कारण ओली वस्तू चिरडून एकजीव करायचं कामही तेच. म्हणूनच मी सावध असतो. नुसत्या आकारावरून यंत्राचं काम ठरवलं की आपण काउपर होतो. गोल चरातलं चाक सापडलं तर आजूबाजूला पाट, भारदगड, टाकी आहेत का हे पाहावंच लागतं.

तसाच गोंधळ वाइनचा. तुळईचं दाबयंत्र द्राक्षांनाही तेच होतं. व्हेसूव्हियसच्या परिसरात दोन्ही आहेत. ओळख पटते ती बाजूच्या गोष्टींवरून. द्राक्षं तुडवायला मोठा उघडा ओटा लागतो. चिरडायचा दगड लागत नाही. तेलाला चिरडणी लागते आणि टाकी लहान, जोडीनं. सगळ्यात खात्रीचं साधन म्हणजे जळून कोळसा झालेल्या ऑलिव्हच्या बिया. बी आधी फुटून मग जळली असेल तर तुटलेली कड गुळगुळीत, बोथट दिसते. जळल्यावर फुटली असेल तर कड धारदार. चुलीत टाकलेल्या पेंडीतल्या बिया पहिल्या प्रकारच्या असतात. हैफाजवळ, कार्मेलच्या किनाऱ्याला, आता समुद्राखाली गेलेल्या कफर समीर इथल्या खड्ड्यांत अशा चिरडलेल्या बिया हजारोंनी मिळाल्या, सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वीच्या. तिथे कुठलंही दाबयंत्र नव्हतं, तरी तेल काढत होते हे बियांनी सांगितलं.

आता तुमच्या मूळ शंकेकडे, लाकडाकडे. लाकूड क्वचित खरोखर उरतं. व्हेसूव्हियसच्याच स्फोटात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम गावात कोळसा होऊन टिकलेलं एक मळसूत्री दाबयंत्र आहे, कापडाचं असलं तरी रोमन मळसूत्र कसं होतं हे त्यानं डोळ्यांना दाखवलं. तुळईसाठी कोणतं झाड वापरलं हे दगड सांगत नाही. केटो काळ्या हॉर्नबीमची शिफारस करतो. जेर्बाच्या भुयारांत खजुराचं खोड असायचं. जिथे जे जड, लांब आणि सरळ मिळेल ते. पिशव्यांचंही तसंच. जुन्या काळी एस्पार्तो गवत किंवा लव्हाळे. आणि ज्या पिशव्या आज मिळतात त्यांतल्या बऱ्याच नारळाच्या काथ्याच्या. फ्रान्समधल्या नियोंस गावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेलघरांसाठी त्या विणल्या जाऊ लागल्या. आम्ही दोन्ही वापरून पाहिल्या. काथ्या जास्त दाब सोसतो, म्हणून आमचं पहिल्या वर्षाचं तेलाचं प्रमाण रोमन यंत्राचं म्हणून सांगणं चुकीचं ठरलं असतं. ते आकडे आम्ही वेगळे ठेवले.

याच कारणानं मी प्रत्येक पुनर्रचनेचा नकाशा तीन रंगांत काढतो. काळा रंग जे सापडलं त्याला. निळा, जे यंत्रशास्त्रानं भागच आहे त्याला: तुळईची किमान लांबी, ओढीची कमाल, नांगराची जागा. लाल, जे दुसरीकडून उसनं आणलं त्याला: लाकडाची जात, दोराची जाडी, पिशव्यांचं विणकाम, छप्पर. लाल रंग जास्त झाला तर उभारणी करत नाही, चित्रावर थांबतो. जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या व्हेनिसच्या १९६४ च्या सनदेतही पुनर्बांधणीला जवळपास मनाईच आहे. मूळचे विखुरलेले भाग जागेवर बसवायला परवानगी, आणि नवं काही घातलंच तर ते नवं म्हणून ओळखू आलं पाहिजे. चालतं यंत्र करायचं असेल तर ते शेजारी, नव्या दगडावर करावं. दोन हजार वर्षांच्या पाटावर दहा टन ठेवायचा हक्क कुणालाच नाही.

टाक्यांबद्दल थोडक्यात. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे ते आपोआप वर येतं. प्रश्न ते उचलायचं कसं एवढाच. केटोच्या तेलघरात एक माणूस फक्त शिंपल्यानं तेल उपसायला उभा असे. तुर्कस्तानातल्या क्लाझोमेनाई इथे, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकातल्या तेलघरात, खडकात कोरलेले तीन खड्डे आतून एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणजे पाणी तळातून पुढच्या खड्ड्यात जाईल आणि तेल वर राहील. ते तेलघर पुन्हा उभारून चालवलं गेलं आहे. पाहायची संधी मिळाली तर सोडू नका, कारण तिथे खडकातल्या खाचाच इतक्या पूर्ण आहेत की निळा रंग लालपेक्षा कितीतरी जास्त आहे. टाक्यांना आतून विटांचा भुगा घातलेल्या चुन्याचा गिलावा असतो. आपली सुरखी तीच.

शेवटचा इशारा आकड्यांचा. दाबयंत्र उभं झालं की लगेच कुणीतरी विचारतं, वर्षाला किती तेल? एका दाबणीला किती ऑलिव्ह टाकत, याबद्दल रोमन लेखकांतच एकमत नाही. शेतीवर लिहिणारा वॅरो सांगतो, कुणी १६० मोदियस (रोमन माप) म्हणतात, कुणी १२०. प्लिनी म्हणतो, १०० च्या वर जाऊ नये. १०० मोदियस म्हणजे सुमारे ८७० लिटर मापाची फळं, साडेपाचशे-सहाशे किलो. त्यात ऑलिव्हचं झाड एकाड एक वर्ष भरभरून येतं. यंत्र भरल्या वर्षासाठी बांधलेलं असतं आणि रित्या वर्षी निम्मं बसून राहतं. म्हणून यंत्रांची संख्या गुणिले कमाल क्षमता हा हिशेब मी कधीच करत नाही. तरीही त्रिपोलितानियात, म्हणजे त्रिपोलीभोवतालच्या रोमन मुलखात, सेनम सेमाना इथे एका जागी सतरा दाबयंत्रं उभी होती, हेन्शिर सिदी हमदान इथे नऊ, हे पाहिलं की सीझरनं तिथल्या लेप्टिस शहरावर वर्षाला तीस लाख पौंड तेलाचा दंड का बसवला ते समजतं. ते जवळपास दहा लाख लिटर होतात. दंड बसवणाऱ्याला तिथे तेल आहे हे ठाऊक होतं.

व्होलुबिलिसमध्ये पन्नासहून जास्त दाबयंत्रांचे अवशेष आहेत, म्हणून तिथे ताडून पाहायला साधन भरपूर आहे. तुम्ही पाहिलेल्या उभारणीतली तुळईची लांबी आणि तिच्या टोकाची ओढ यांना दगडांचा आधार मिळू शकतो. तुळईचं लाकूड आणि दोर मात्र उसने. तुमच्याकडे त्या दोन खाचांच्या ठोकळ्याचे फोटो असतील तर तीन गोष्टी पाहा. खाच आत रुंद आहे का. वरच्या अंगाला चर आहे की मधोमध खळगा. आणि ठोकळा सापडला त्या जागेपासून समोरच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत किती पावलं आहेत. शेजारच्या घरातला पाट त्या भिंतीपासून किती दूर आहे तेही मोजलंत तर उत्तम. एवढ्यावर मी तुम्हाला त्या घरातली तुळई किती लांब होती आणि तिनं किती टन दाब दिला, हे हाताच्या बोटांवर मोजता येईल इतक्या फरकानं सांगू शकेन. ठोकळा जागचा हललेला असेल तर मात्र आधी भिंतीच्या बुडाशी पायाचा दगड दिसतो का बघा, आणि त्याच्या खाचेच्या वरच्या कडेवरून बोट फिरवा.